वाचकांचे प्रश्न: पूर्वज आयर्लंडहून आले, पण आयर्लंडात नेमकं कुठून?

गेल्या अंकात लिव्हरपूलच्या आयरिश वस्तीबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता ढीग आला. बहुतेक पत्रं लग्न करून इंग्लंडात गेलेल्या आपल्या मुलींची, एकदोन तिकडे नोकरीला असलेल्या मुलांची आणि एक पुण्याहून. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न: ताई नमस्कार, मी लीड्सला असते. नवरा इंग्लिश आहे, पण सासूबाईंचे खापरपणजोबा आयर्लंडहून आले असं घरात सगळे सांगतात. मी १८५१ च्या जनगणनेत त्यांना शोधलं पण. जॉन केली, वय २८, मजूर, जन्म आयर्लंड. बस, एवढंच! आयर्लंडच्या साईटवर जॉन केली टाकलं की शेकड्यानं येतात. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला वंशावळ फ्रेम करून द्यायचा प्लॅन आहे, आता पुढे कसं जाऊ? (एक सूनबाई, लीड्स)

सूनबाई, आधी ती आयर्लंडची साईट बंद करा. खरंच सांगते, सगळे इथेच फसतात, नाव मिळालं की लगेच समुद्र ओलांडून उडी मारतात आणि मग त्या शेकडो जॉन केलींमधला एक आवडेल तो उचलून फ्रेममध्ये घालतात. आयर्लंडातले जुने कागद माणसाच्या नावानं नाही, जागेच्या नावानं लावलेले आहेत. आधी काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा, त्यात पॅरिश म्हणजे चर्चचं गाव, आणि त्याच्याही खाली टाउनलँड, म्हणजे आपल्याकडची वाडी समजा. अशा वाड्या साठ हजारांच्या वर आहेत. वाडी नाही तर निदान पॅरिश तरी हातात हवी, आणि ती पॅरिश तुम्हाला आयर्लंडात नाही, इंग्लंडातल्याच कुठल्यातरी कागदावर मिळणार आहे. जॉनराव इंग्लंडात किती वर्षं जगले? चाळीस? पन्नास? तेवढ्या वर्षांत त्यांनी कुठेतरी, कोणालातरी आपलं गाव सांगितलं असणारच.

१८५१ वर थांबू नका. १८६१, ७१, ८१, जिवंत असतील तोवरची प्रत्येक जनगणना काढा. कायद्यानं आयर्लंडमध्ये जन्मलेल्याला नुसतं "आयर्लंड" लिहिलं तरी चालायचं, म्हणून बहुतेक कारकून तेवढंच लिहून मोकळे व्हायचे, पण एखादा कारकून चौकस निघतो आणि मेयो किंवा रॉसकॉमन असं काउंटीचं नाव टाकून जातो, कधीकधी तर गावसुद्धा. आणि फक्त जॉनचीच ओळ वाचू नका हो, अख्खं पान वाचा. घरात भाडेकरू कोण आहेत, शेजारी कोण, म्हातारी सासू राहते का, मेहुणा राहतो का. ही माणसं एकटी यायची नाहीत, एक जण आला की तो भावाला बोलवायचा, भाऊ गावातल्या दोघांना, आणि सगळे एकाच गल्लीत. जॉनच्या ओळीत "आयर्लंड" असेल पण त्याच्याकडे राहणाऱ्या मेहुण्याच्या ओळीत "स्लायगो" असेल, तर तुमचं अर्धं काम झालं. हां, १८४१ ची जनगणना बघायला गेलात तर तिथे आयर्लंडसाठी नुसतं एक अक्षर असतं आणि पंधराच्या वरच्यांची वयं पाच-पाचच्या आकड्यात खाली ओढून लिहिलेली असतात, म्हणजे २८ चा माणूस २५ चा दिसतो, त्यावर भांडत बसू नका.

मग दाखले. इंग्लंडात जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. पण एक आधीच सांगते म्हणजे पैसे वाया जायचे नाहीत, त्या काळच्या जन्मदाखल्यावर आईबाप कुठे जन्मले ते नसतं, तो रकाना १९६९ मध्ये आला. मग दाखला कशाला मागवायचा? तर बायकोच्या माहेरच्या आडनावासाठी. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या साईटवर जन्माच्या यादीत आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून फुकट दिसतं, नुसतं अकाउंट उघडायचं. लग्नाच्या दाखल्यावर दोघांच्या वडलांची नावं आणि धंदा मिळतो (आयांची नावं यायला २०२१ उजाडलं, काय बोलायचं!). आता केली हे आडनाव आयर्लंडभर आहे, त्यावरून काही कळायचं नाही, पण जॉनची बायको समजा डर्किन निघाली, तर डर्किन बहुतेक मेयो आणि स्लायगोकडचे. मग प्रश्न "केली कुठले" असा राहत नाही, "केली आणि डर्किन दोन्ही जिथे शेजारीशेजारी आहेत अशी पॅरिश कुठली" असा होतो, आणि अशा पॅरिश मोजक्याच निघतात. माझ्या मते बायकोचं आडनाव नवऱ्याच्या आडनावापेक्षा दहापट कामाचं, पण लोक त्याकडे बघतच नाहीत.

आणि खरा खजिना म्हणजे कॅथलिक चर्चची रजिस्टरं. कुटुंब कॅथलिक होतं ना? मग सरकारी दाखला आणि चर्चची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा, दोन्ही काढा. चर्चच्या लग्नाच्या नोंदीत कधीकधी वधूवरांचे आईवडील आयर्लंडात कुठे राहतात ते लिहिलेलं असतं, आणि मुलांच्या बाप्तिस्म्यात गॉडफादर-गॉडमदर कोण हे असतं, ते नव्वद टक्के वेळा नातलग नाहीतर गाववाले (नव्वद टक्के हा माझा अंदाज बरं का, कुठे छापू नका). नोंदी लॅटिनमध्ये असतात पण घाबरू नका, ठरलेले पाचसात शब्द आहेत. योहानेस म्हणजे जॉन, याकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम, ब्रिगिडा म्हणजे आपली ब्रिजेट. लँकाशायरच्या बऱ्याच चर्चच्या नोंदी स्वयंसेवकांनी टाईप करून फुकट ठेवल्यात, लँकाशायर ऑनलाईन पॅरिश क्लर्क्स म्हणून शोधा. कुटुंब आधी लिव्हरपूल-मँचेस्टरला उतरून मग लीड्सला आलं असेल तर तिथेच सापडेल. लीड्ससाठी तिथल्या डायोसिसच्या, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागाच्या, आर्काइव्हला साधा मेल टाका, नावं आणि वर्षं देऊन, अख्खी कुळकथा नको.

यातून नाही निघालं तर स्मशान. आयरिश माणसाला थडग्यावर आपलं गाव कोरून घ्यायची फार हौस, "काउंटी मेयोतल्या अमुक गावचा रहिवासी" असं. मग जुन्या पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या. आणि कुटुंब फार गरीब असेल तर वर्कहाऊसचे, म्हणजे गरिबांना ठेवून काम करायला लावणाऱ्या घरांचे, कागद बघा. तेव्हा गरिबांना मदत मागितली की "तू मूळ कुठला" अशी चौकशी व्हायची आणि आयरिश असेल तर बोटीत बसवून परत पाठवायचे, एकट्या लिव्हरपूलनं १८४७ मध्ये सुमारे १५ हजार माणसं अशी परत धाडली. त्या माणसांसाठी वाईटच होतं ते, पण त्या चौकशीच्या जबान्या जिथे टिकल्यात तिथे माणूस कुठे जन्मला, इंग्लंडात कधी आला, कुठे कुठे राहिला हे सगळं त्याच्या तोंडून आलेलं आहे.

पॅरिश हातात आली की मग खुशाल आयर्लंडच्या साईट उघडा. नॅशनल लायब्ररी ऑफ आयर्लंडनं जुन्या कॅथलिक रजिस्टरांचे फोटो २०१५ पासून फुकट ठेवलेत, साधारण १८८० पर्यंतचे. पश्चिमेकडच्या काउंट्यांत बऱ्याच पॅरिशची रजिस्टरं १८२० नाहीतर ३० च्या पुढेच सुरू होतात, तेव्हा १८२३ च्या जॉनचा बाप्तिस्मा मिळाला तर नशीब समजा, नाही मिळाला तर धाकट्या भावंडांचा शोधा, आईबाप तेच.

प्रश्न: बोटीची पॅसेंजर लिस्ट कुठे मिळेल? अमेरिकेला गेलेल्यांची मिळते, मग इंग्लंडला गेलेल्यांची का नाही? (बर्मिंगहॅम)

नाही मिळणार, कारण ती कधी बनवलीच नाही. १८०१ पासून १९२२ पर्यंत सगळा आयर्लंड ब्रिटिश राज्याचाच भाग होता, डब्लिनहून लिव्हरपूलला जाणं म्हणजे देशातल्या देशात फेरी, कोण कशाला नावं लिहून घेणार. डब्लिन आणि द्रोगेडाहून लिव्हरपूल, कॉर्कहून ब्रिस्टल किंवा साऊथ वेल्स, बेलफास्टहून ग्लासगो, अशा वाफेच्या बोटी १८२० च्या दशकापासून नियमित होत्या आणि डेकवरचं तिकीट अगदी स्वस्त. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, त्या मोठ्या दुष्काळात तर कोंबून भरायचे. डिसेंबर १८४८ ला स्लायगोहून लिव्हरपूलला निघालेल्या लंडनडेरी नावाच्या बोटीत वादळ आल्यावर लोकांना खाली केबिनमध्ये बंद केलं, त्यात ७२ माणसं गुदमरून गेली. तेवढ्या मोठ्या घटनेतसुद्धा मेलेल्यांची ओळख पटवणं अवघड गेलं कारण यादीच नव्हती.

पण बोटींच्या मार्गांचा उपयोग मात्र करा. कुटुंब न्यूपोर्ट किंवा कार्डिफला दिसलं तर आधी कॉर्क, वॉटरफर्डकडे बघायचं, लँकाशायर-यॉर्कशायरला दिसलं तर मेयो, रॉसकॉमन, स्लायगो, ग्लासगोला दिसलं तर अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तर भाग. नियम नाही हा, कल आहे.

प्रश्न: आमच्याकडे एक इंग्लिश काका आहेत, ते म्हणतात आयर्लंडचं सगळं रेकॉर्ड १९२२ ला जळलं, शोधण्यात अर्थ नाही. खरं का? (मँचेस्टर, आयटीवाला)

काका अर्धे बरोबर आहेत, आणि हे अर्धं बरोबर फार लोकांचं घोडं अडवतं.

झालं असं. डब्लिनला फोर कोर्ट्स नावाच्या न्यायालयाच्या आवारात सरकारी दफ्तरखाना होता. १९२२ मध्ये तिथे यादवी पेटली, ब्रिटनशी झालेल्या तहाच्या विरोधातले लोक आत बसले, बाहेरून नव्या आयरिश सरकारच्या सैन्यानं तोफा लावल्या, आणि ३० जूनला प्रचंड स्फोट होऊन सातशे वर्षांचे कागद राख झाले. अर्धवट जळलेले कागद शहरभर उडत होते म्हणतात. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना गेल्या, थोडेसे तुकडे सोडून. मृत्युपत्रं गेली. प्रोटेस्टंट म्हणजे चर्च ऑफ आयर्लंडची जी रजिस्टरं तिथे जमा होती ती गेली, निम्म्याहून जास्त पॅरिशची.

पण १८६१ ते १८९१ च्या जनगणना त्या आगीत गेल्याच नाहीत! त्या सरकारनंच आधी संपवल्या होत्या. ६१ आणि ७१ च्या आकडे काढून झाल्यावर नष्ट केल्या, ८१ आणि ९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या लगद्यात गेल्या. म्हणजे आगीवर बिल फाडलं जातं पण निम्मं पाप कारकुनांचं.

आता काय उरलं ते ऐका. कॅथलिक रजिस्टरं तिथे नव्हतीच, ती आपापल्या चर्चमध्ये फादरच्या कपाटात होती, म्हणून वाचली. म्हणजे ज्यांचे पूर्वज गरीब कॅथलिक शेतकरी, त्यांचं नुकसान उलट कमी झालं, जमीनदारांचं जास्त. सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदी १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांच्या आहेत (प्रोटेस्टंट लग्नं १ एप्रिल १८४५ पासून) आणि त्या शाबूत आहेत. त्यांचे फोटो आयरिश सरकारच्या वंशावळीच्या साईटवर फुकट बघता येतात, जन्म १०० वर्षं, लग्न ७५ वर्षं आणि मृत्यू ५० वर्षं जुना झाला की. १९०१ आणि १९११ च्या जनगणना पूर्ण आहेत, फुकट आहेत, कुटुंबप्रमुखाच्या सहीसकट. १९२६ च्या जनगणनेला १०० वर्षांचा नियम आहे, म्हणजे तिचं वर्ष २०२६.

दुष्काळाच्या काळासाठी ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन. १८४७ ते १८६४ मध्ये अख्ख्या आयर्लंडची कर आकारणी झाली, कोणाकडे किती जमीन, घर कोणाचं, भाडं कोणाला, वाडीवार. फुकट आहे, नकाशासकट. त्याच्याआधीची १८२३ ते १८३७ ची टाईद पुस्तकं, म्हणजे चर्चच्या दशमांश कराची. दोन्हीत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बायकापोरं नाहीत. तुमचा माणूस १८४७ ला पळून आला असेल तर तो ग्रिफिथमध्ये नसणार, पण त्याचा मागे राहिलेला बाप किंवा थोरला भाऊ असू शकतो, त्याला शोधा.

आणि एक गंमत. १९०८ ला म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला, सत्तरीपुढच्यांना १९०९ पासून आठवड्याला पाच शिलिंग. आता आयर्लंडात सत्तरीच्या माणसाकडे जन्माचा दाखला कुठून असणार, नोंदणीच १८६४ ला सुरू झाली! मग पेन्शनवाल्यांनी १८४१ आणि ५१ च्या जनगणनेत म्हाताऱ्यांची नावं शोधायला लावली. त्यासाठी जे फॉर्म भरले त्यावर आईबापाचं नाव, वाडी, पॅरिश सगळं लिहिलेलं. जनगणना पुढे जळली पण ते पेन्शनचे फॉर्म टिकले, नॅशनल आर्काइव्हज ऑफ आयर्लंडच्या साईटवर आहेत. तुमचा जॉन इंग्लंडात मेला असेल पण त्याच्या धाकट्या बहिणीनं गावी पेन्शन मागितली असेल तर तुम्हाला जळालेल्या जनगणनेतलं तुमचं कुटुंब मिळालं! हे काकांना सांगा. शिवाय स्फोटाला १०० वर्षं झाली त्या निमित्तानं, जून २०२२ च्या अखेरीस, व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड सुरू झाली, जगभरच्या लायब्रऱ्यांतल्या नकला गोळा करून जळलेला दफ्तरखाना परत उभा करायचा प्रयत्न आहे, तिथेही एकदा नाव टाकून बघा.

उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांसाठी दुकान वेगळं, बेलफास्टचं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस आणि तिथलं रजिस्टर ऑफिस.

प्रश्न: १९०१ मध्ये आजेसासूबाईंची आजी ५२ वर्षांची आणि १९११ मध्ये ७० ची! नावही एकीकडे ब्रिजेट, दुसरीकडे डेलिया. आडनावात कधी ओ आहे कधी नाही. एकच बाई आहे का या दोन? (कॉव्हेंट्री)

घरातली बाकीची माणसं तीच आहेत ना? मग बहुतेक एकच. दहा वर्षांत अठरा वर्षं वाढलेली माणसं १९११ च्या आयर्लंडात भरपूर आहेत, वर पेन्शनचं सांगितलंच, सत्तर पूर्ण दाखवले की पाच शिलिंग सुरू! पण नुसतं पेन्शनवर ढकलू नका, बऱ्याच जणांना खरंच आपलं वय माहीत नसायचं. वयात दहा वर्षं इकडेतिकडे झाली तर माणूस नाकारू नका, आईबापाची नावं जुळत नसतील तर नाकारा.

डेलिया हे ब्रिजेटचंच घरगुती रूप आहे, बिडी पण तीच. ऑनोरा, नोरा, हॅना असंच. ओ आणि मॅक तर येतात जातात. इंग्लंडात आल्यावर ओसलिव्हनचा नुसता सलिव्हन व्हायचा, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयरिश अस्मिता जोरात आली तेव्हा नातवंडांनी ओ परत लावून घेतला. लिहिणारा कारकून इंग्लिश, सांगणाऱ्याला लिहितावाचता येत नाही, काहींना तर इंग्लिशपेक्षा आयरिश भाषाच जास्त येणारी, मग जे ऐकू आलं ते लिहिलं. सर्च करताना स्पेलिंग अचूकवर ठेवू नका.

मुलांच्या नावांचा क्रम मात्र बघा. पहिल्या मुलाला वडलांच्या वडलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडलांचं, पहिल्या मुलीला आईच्या आईचं, अशी पद्धत पुष्कळ घरांत होती. पुरावा नाही हा, पण दोन सारख्या कुटुंबांत निवडायची वेळ आली की कामाला येतं.

प्रश्न: मी पुण्याची, कॅम्पात वाढले. आमच्या शेजारच्या घरच्यांचे पूर्वज आयरिश शिपाई होते, बॉम्बेच्या गोऱ्या पलटणीत, आणि पुढे एक शाखा इंग्लंडला गेली. त्यांची नात आता लंडनला असते, ती मला विचारते की पुण्यात काही मिळेल का. कुठे बघू? (पुणे)

तुमच्या शेजाऱ्यांचं नशीब जोरावर आहे असं म्हणेन, कारण शिपाई झालेला आयरिश माणूस हा मजूर झालेल्या आयरिश माणसापेक्षा कितीतरी सोपा सापडतो. सैन्याला गडी कुठला हे लिहून ठेवायचीच सवय.

ईस्ट इंडिया कंपनी आयर्लंडमध्ये जोरात भरती करायची. कंपनीची बॉम्बे युरोपियन पलटण होती ती कंपनीचं राज्य संपल्यावर राणीच्या सैन्यात गेली, १८६२ ला १०३ नंबरची रॉयल बॉम्बे फ्युजिलियर्स झाली, आणि १८८१ ला तिचं नाव काय झालं माहितीय? रॉयल डब्लिन फ्युजिलियर्सची दुसरी बटालियन. म्हणजे मुंबईची पलटण कागदोपत्री डब्लिनची झाली. १९२२ ला आयर्लंड वेगळा झाला तेव्हा ती रेजिमेंटच मोडली.

आता शोधायचं कसं, तर आधी ठरवा की तो कंपनीचा शिपाई होता की राणीच्या पलटणीतला, कारण कागद वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. कंपनीचा असेल तर लंडनची ब्रिटिश लायब्ररी, इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स. तिथे भरतीच्या आणि बोटीत चढवल्याच्या याद्या आहेत, त्यात काउंटी आणि पुष्कळदा पॅरिश असते. राणीच्या पलटणीतला असेल तर लंडनमध्येच क्यू इथलं नॅशनल आर्काइव्हज, तिथे चेल्सी पेन्शनरांचे, म्हणजे सैन्याचं पेन्शन मिळालेल्या शिपायांचे, डिस्चार्जचे कागद, त्यात "अमुक पॅरिश, अमुक गावाजवळ, अमुक काउंटी" असं जन्मस्थळ असतं, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, शिक्षा झाली असेल तर तीसुद्धा. पण पेन्शन मिळालेल्यांचेच बरं का. तरुणपणी पटकीनं गेला असेल तर त्यात नाही सापडायचा.

पुण्यात, खडकीत, देवळालीत जे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं झाली त्यांच्या नकला दरवर्षी लंडनला जायच्या, मुंबई इलाख्याची वेगळी मालिका आहे, आणि तिचे फोटो आता पैसे भरून ऑनलाईन बघता येतात. म्हणजे नातीला पुण्यापर्यंत यायचीही गरज नाही, तिच्या घरापासून ट्यूबनं ब्रिटिश लायब्ररी. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी नावाची संस्था आहे, त्यांचा डेटाबेस फुकट आहे, सुरुवात तिथून करायला सांगा. तुम्ही पुण्यात करण्यासारखं एकच काम, चर्चच्या दफनभूमीत जाऊन थडग्याचे फोटो काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात, अक्षरं नीट उठतात. खडूनं किंवा ब्रशनं घासू नका, दगड जातो.

प्रश्न: नवऱ्याची पणजी आयरिश. त्याला आयरिश पासपोर्ट मिळेल का? (लंडन)

पणजीवर सहसा नाही. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मलेले असले, उत्तर-दक्षिण कुठेही, तर फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्या आयरिश वंशजांच्या नोंदवहीत, नाव घालून नागरिकत्व मिळतं. पणजीचा उपयोग साधारणपणे तेव्हाच जेव्हा तुमच्या सासऱ्यांनी किंवा सासूबाईंनी तुमच्या नवऱ्याच्या जन्माआधीच त्या रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव घातलेलं असेल. ब्रेक्झिटनंतर सगळ्यांना अचानक आयरिश आजी आठवायला लागलीय, त्यामुळे रांग लांब आहे. त्यांनी नाव घातलंय का एवढं आज रात्री फोन करून विचारा, नसेल तर विषय संपला.

प्रश्न: सासूबाई १९५८ ला इंग्लंडात जन्मल्या आणि दत्तक गेल्या. जन्मदाती आयर्लंडहून आलेली अविवाहित मुलगी होती एवढंच ऐकलंय. त्या स्वतः कधी बोलत नाहीत. त्यांना न सांगता शोधून सरप्राईज द्यावं का? (नाव-गाव छापू नये)

सरप्राईज नको. हे एक उत्तर मी अगदी ठामपणे देते. बाकीच्या पत्रांतली माणसं दीडशे वर्षांपूर्वी गेलेली आहेत, ही गोष्ट जिवंत माणसांची आहे.

त्या काळी आयर्लंडातून लग्नाआधी दिवस गेलेल्या मुली इंग्लंडला पळून यायच्या, इतक्या की इंग्लंडच्या समाजसेवकांच्या फाईलींत त्यांच्यासाठी ठरलेला शॉर्टफॉर्म होता. गावात राहिलं तर मदर अँड बेबी होम, म्हणजे अविवाहित आयांना ठेवायची संस्था, म्हणून इकडे. काही मुली बाळंत होऊन गुपचूप परत गेल्या, लग्न केलं, आणि नवऱ्यालासुद्धा कधी कळलं नाही. तिचं आयुष्य आणि तुमच्या सासूबाईंचं आयुष्य, दोन्हीवर तुमच्या एका सर्चचा परिणाम होणार.

कायद्यानं हक्कही त्यांचाच आहे, तुमचा नाही. इंग्लंडात अठरा वर्षांपुढच्या दत्तक माणसाला आपल्या मूळ जन्मनोंदीची माहिती मागता येते, आणि १२ नोव्हेंबर १९७५ च्या आधी दत्तक गेलेल्यांना त्याआधी समुपदेशकाला भेटावं लागतं. ती अट मला तरी बरोबर वाटते. त्यावर आईचं नाव मिळतं, क्वचित आयर्लंडचा पत्ताही. दत्तकविधी ज्या संस्थेनं केला तिची फाईलही मागता येते. बाळ आयर्लंडात जन्मलं असतं तर तिकडचा २०२२ चा जन्ममाहिती आणि शोध कायदा लागू झाला असता, इथे इंग्लंडचाच.

डीएनए किट तर त्यांना न विचारता अजिबात मागवू नका, आणि नवऱ्याचं करायचं असेल तरी आधी त्यांच्याशी बोला, कारण त्याच्या रिझल्टमध्ये त्यांचे भाऊबहीण यायचे आणि तिकडून मेसेज यायचा रात्री दोन वाजता. आयरिश लोकांनी हे किट फार मोठ्या संख्येनं केलंय, जवळचा मॅच येण्याची शक्यता खरी आहे.

एखाद्या निवांत दिवशी, घरात गर्दी नसताना, "आई, तुम्हाला कधी शोधावंसं वाटलं का" एवढं विचारा. नाही म्हणाल्या तर पुन्हा काढू नका. हो म्हणाल्या तर दत्तक संपर्क नोंदवहीत आधी त्यांचं नाव घाला, जनरल रजिस्टर ऑफिसच चालवतं ती. आईनं किंवा तिच्या नातलगांनीही तिकडून नाव घातलेलं असेल तर ते लोकच कळवतात. आणि पहिला संपर्क मध्यस्थ संस्थेमार्फत करा, सासूबाईंनी किंवा तुम्ही परस्पर त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवायचं नाही.